शल्यविद्येचे आचार्य जॉन हंटर

इंग्लंडात शस्त्रवैद्य आणि न्हावी हे एकाच व्यवसाय-मंडळाचे सभासद होते, असे सांगितले तर आजच्या वाचकांस तो विनोद वाटेल. परंतु १७४५ सालापर्यंत तेथे तशीच वहिवाट होती. आपल्याकडेही तुंबडी लावणे, गळू फोडणे ही कामे गावच्या न्हाव्याकडे असत, हे वडीलधाऱ्या मंडळींनी ऐकलेले असेल. लंडनचे शस्त्रवैद्य त्या वर्षी न्हाव्यांपासून विभक्त झाले खरे, पण विभक्त झाल्याने विद्या येत नाही. हाताला वेग होता, मनात धाडस होते. मात्र जखम भरते ती कशी, रक्त गोठते ते का, एखादा अवयव सडतो आणि दुसरा तगतो असे का होते, या प्रश्नांकडे कोणी फारसे वळले नव्हते. या प्रश्नांच्या पाठीस ज्यांनी आपले आयुष्य लावले, ते जॉन हंटर त्यानंतर तीनच वर्षांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, स्कॉटलंडहून लंडनला आले.

त्यांचा जन्म फेब्रुवारी १७२८ मध्ये ग्लासगोजवळील ईस्ट किलब्राइड परगण्यात, लाँग कॅल्डरवुड नावाच्या शेतवाडीवर झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. तेरा वर्षांचे असताना वडील निवर्तले आणि आईच्या लाडात वाढलेल्या या मुलाचे शाळेशी कधी जमले नाही. पुस्तकापेक्षा मुंग्या, पक्षी, बेडकांची पिल्ले आणि झाडांची पाने यांतच त्यांचे चित्त रमे. पुढे मोठी कीर्ती मिळाल्यावरही त्यांचे लेखन अडखळत चाले आणि ग्रीक-लॅटिन येत नसल्याबद्दल विद्वान मंडळी त्यांना नाके मुरडीत. या उणिवेचा त्यांना तोटा झाला तसा एक लाभही झाला, असे आम्हांस वाटते. जुन्या ग्रंथांतील वचने पाठ नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

त्यांचे थोरले बंधू विल्यम हे लंडनमध्ये शरीररचनाशास्त्राची खाजगी शाळा चालवीत. धाकट्या भावाला त्यांनी १७४८ साली आपल्याजवळ बोलावून घेतले आणि विच्छेदनाच्या कामास लावले. थंडीच्या दिवसांत प्रेते टिकत, म्हणून हे काम हिवाळ्यात चाले. असे दहा-बारा हिवाळे जॉन यांनी त्या खोलीत घालविले. प्रेते कोठून येत, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होणार नाही. फाशी गेलेल्यांची जी थोडी शरीरे कायद्याने मिळत ती पुरत नसत. मग रात्री कबरी उकरणाऱ्या लोकांशी व्यवहार करावा लागे आणि शाळेच्या वतीने तो बव्हंशी जॉन यांच्याकडेच असे. ज्या ज्ञानाने पुढे हजारोंचे प्राण वाचले, त्याच्या मुळाशी कित्येक गरीब कुटुंबांच्या मृतांची विटंबना आहे. चरित्रकारांनी ही बाजू झाकू नये.

विच्छेदनाबरोबर शस्त्रक्रियेचे शिक्षणही चालू होते. विल्यम चेझल्डन आणि पर्सिव्हल पॉट हे त्या काळचे दोन श्रेष्ठ शस्त्रवैद्य त्यांना गुरू म्हणून लाभले. पुढे सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये त्यांनी उमेदवारी केली. मध्यंतरी बंधूंच्या आग्रहास्तव ते ऑक्सफर्डला गेले, पण तेथील अभ्यासक्रम पाहून दोन महिन्यांच्या आतच परतले.

प्रकृती खालावल्यामुळे १७६० साली त्यांनी लष्करात शस्त्रवैद्याची जागा स्वीकारली. त्या वेळी इंग्लंड-फ्रान्समधील सप्तवार्षिक युद्ध चालू होते. १७६१ च्या वसंतऋतूत इंग्रजी सैन्य ब्रिटनी किनाऱ्यासमोरील बेल-ईल बेटावर उतरले, त्यात हंटर होते. बंदुकीच्या गोळीची जखम म्हणजे विषारी जखम, हा समज त्या वेळी पूर्णपणे मावळलेला नव्हता. गोळीने केलेले भोक सुरीने रुंद करावे, बोटे घालून गोळी, कापडाचे तुकडे, हाडाच्या कपच्या शोधून काढाव्यात, मग जखमेत वातींचे बोळे भरावेत, हा सर्वमान्य उपचार होता. तो रणभूमीवर, चिखलात, एका जखमेतून निघालेले बोट दुसऱ्या जखमेत घालून केला जाई. रोगजंतूंची कल्पना यायला अद्याप शंभर वर्षे अवकाश होता.

सैन्य उतरले त्याच दिवशी काही फ्रेंच शिपाई गोळ्या लागून जखमी झाले आणि जवळच्या एका शेतघरात लपून बसले. कोणाच्या मांडीत गोळी, कोणाच्या छातीतून आरपार, कोणाच्या गुडघ्यात. चार दिवसांनी ते सापडले. तोवर त्यांच्या जखमांना वरवरच्या पट्टीपलीकडे काहीही उपचार झाला नव्हता. हंटर यांनी त्यांच्याकडे काळजीपूर्वक लक्ष ठेवले. लष्करी शस्त्रवैद्यांनी कापून-चिरून ज्यांची शुश्रूषा केली होती, त्यांच्याहून हे दुर्लक्षित शिपाई कमी बरे झाले नाहीत. उलट त्यांच्या जखमा सुरळीत भरून आल्या. दुसऱ्या कोणी हे नशीब म्हणून सोडून दिले असते. हंटर यांनी त्यातून शस्त्रवैद्याच्या अहंकारास न रुचणारा निष्कर्ष काढला, तो असा की गोळीची जखम केवळ गोळीची आहे म्हणून कापू नये. रक्तस्राव थांबवायचा असेल, सुटे हाड टोचत असेल, आतडे बाहेर आले असेल तर सुरी घ्यावी. एरवी शरीराला त्याचे काम करू द्यावे. सहकाऱ्यांना हे पटले नाही. त्यांच्याशी हंटर यांचे खटके उडाले आणि मित्र त्यांनी फारसे जोडले नाहीत. पुढे पोर्तुगालमधील मोहीम आटोपून १७६३ साली ते अर्ध्या वेतनावर लंडनला परतले.

आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. एका दंतवैद्याच्या जोडीने त्यांनी काम केले आणि त्यातून मानवी दातांवरील त्यांचा ग्रंथ १७७१ साली निर्माण झाला. शहराबाहेर अर्ल्स कोर्ट येथे जागा घेऊन त्यांनी प्राणी पाळले. त्यांत बैल, मेंढे, मधमाश्या होत्या, तसे दोन बिबटेही होते. ते बिबटे एकदा सुटले असता हंटर यांनी नुसत्या हातांनी पकडून परत कोंडले, आणि काम झाल्यावर आपण काय केले हे ध्यानी येऊन स्वतःच थरथर कापू लागले. १७६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, दुसऱ्या वर्षी सेंट जॉर्जेसमध्ये शस्त्रवैद्य म्हणून निवडून आले. १७७१ साली अ‍ॅन होम या कवयित्रीशी त्यांचा विवाह झाला. तिच्या गीतांना प्रसिद्ध संगीतकार हायडन यांनी चाली दिल्या आहेत. घरात पुढच्या दालनात संगीत आणि मागच्या दालनात विच्छेदन असा तो संसार होता.

त्यांचा दिनक्रम ऐकून छाती दडपते. सूर्योदयापूर्वी उठून न्याहारीपर्यंत विच्छेदन, मग रुग्ण, मग रुग्णालय. दुपारच्या जेवणानंतर तासभर झोप. संध्याकाळी व्याख्यान आणि मध्यरात्र उलटेपर्यंत टिपणे सांगून लिहविणे. वक्ता म्हणून ते सामान्य होते. एकदा व्याख्यानास एकच विद्यार्थी आला, तेव्हा श्रोत्यांना अनेकवचनी संबोधता यावे म्हणून त्यांनी नोकराकरवी मानवी सांगाडा आणवून शेजारी बसविला, असे सांगतात. पण जे विद्यार्थी टिकले, त्यांची नावे पाहावीत. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर १७७० पासून दोन वर्षे त्यांच्या घरी राहून शिकले आणि पुढेही साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगच्या हिवाळी झोपेविषयी गुरूंच्या सूचनांनुसार प्रयोग करून कळवीत राहिले. अ‍ॅस्टली कूपर, जॉन अ‍ॅबर्नेथी आणि फिलाडेल्फियाचे फिलिप फिझिक हेही त्यांचेच शिष्य.

प्रयोगावरील या श्रद्धेने त्यांना एकदा मोठा दगाही दिला. परमा आणि उपदंश हे दोन रोग की एकाच रोगाची दोन रूपे, असा वाद होता. हंटर यांनी १७६७ साली परम्याच्या रुग्णाचा स्राव निरोगी त्वचेत टोचून पाहिला. तेथे उपदंशाची लक्षणे उमटली, म्हणून रोग एकच असा निर्णय त्यांनी दिला. बहुधा मूळ रुग्णालाच दोन्ही रोग असावेत. हा प्रयोग त्यांनी स्वतःच्याच शरीरावर केला असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. आधुनिक अभ्यासक याबाबत साशंक आहेत. १७८६ च्या त्यांच्या ग्रंथाने ही चूक सर्वत्र पसरविली आणि फ्रान्समध्ये फिलिप रिकोर यांनी १८३८ साली ती निर्णायकपणे खोडून काढीपर्यंत ती ठाण मांडून बसली. ज्यांच्या शब्दाला वजन असते त्यांच्या चुकीलाही तितकेच वजन येते.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रियेकडे वळू. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. तिच्या शाखा-उपशाखा म्हणजे रोहिणी. यांपैकी एखादीची भिंत एका जागी दुबळी झाली, की रक्ताच्या दाबाने ती जागा फुग्यासारखी फुगू लागते. यालाच रोहिणीविस्फार म्हणतात. फुगा हाताला ठोके देतो, वाढत जातो, आणि फुटला की रुग्ण बहुधा घटकाभरही टिकत नाही. अठराव्या शतकातील लंडनमध्ये गुडघ्याच्या लवणीतील रोहिणीला हा विकार वरचेवर होई, विशेषतः घोडागाड्या हाकणाऱ्यांना. त्यावर दोनच मार्ग होते. एक अँटिलस या प्राचीन ग्रीक वैद्याचा. फुगा चिरून उघडावा, आतील गुठळ्या काढाव्यात आणि रोहिणी वर-खाली दोन्हीकडे बांधावी. पण फुग्यालगतची रोहिणी स्वतःच रोगट असे, बांधलेला दोरा तिला कापून जाई आणि काही दिवसांनी एकाएकी रक्त उसळून रुग्ण दगावे. दुसरा मार्ग म्हणजे मांडीपासून पाय कापणे. हंटर यांचे गुरू पॉट यांनी हाच मार्ग श्रेयस्कर मानला होता. भूल देण्याचे औषध नव्हते, आणि पाय गेलेल्या गाडीवानाला पोट कसे भरावे हा प्रश्न उरतच असे.

हंटर यांनी प्रश्न निराळ्या जागी नेला. रोहिणी रोगट जागी न बांधता तिच्या वर, मांडीत, जेथे ती निरोगी आहे तेथे बांधली तर? असे केल्यास खालचा पाय रक्ताविना मरेल, अशी सर्वांची भीती होती. मुख्य वाट बंद झाली तरी शेजारच्या लहान वाहिन्या रुंदावून रक्ताला आडवाट करून देतात, याचा अनुभव त्यांना विच्छेदनात व प्राण्यांवरील प्रयोगांत येत होता. रिचमंडच्या राजोद्यानातील एका हरणाच्या मानेची रोहिणी त्यांनी बांधली, त्या बाजूचे वाढते शिंग प्रथम थंड पडले आणि थोड्या दिवसांनी पुन्हा उबदार झाले, ही कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली की नाही याविषयी मतभेद आहेत. तत्त्व मात्र त्यात नेमके आले आहे. फुग्यातील रक्ताचा जोर ओसरला की ते तेथेच गोठेल आणि शरीर ती गुठळी हळूहळू शोषून घेईल, ही त्यांच्या विचाराची दुसरी बाजू होती.

१२ डिसेंबर १७८५ रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये एका पंचेचाळीस वर्षांच्या गाडीवानावर त्यांनी हा प्रयोग केला. त्याच्या लवणीतील फुगा तीन वर्षांचा जुना होता. मांडीच्या आतील बाजूस छेद घेऊन हंटर यांनी रोहिणी मोकळी केली आणि तिच्यावर चार बंध कमी-अधिक घट्ट बांधले, जेणेकरून एकाच जागी सर्व ताण येऊ नये. पाय थंड पडला नाही. जखमेचा त्रास काही आठवडे चालला, परंतु जानेवारीअखेर तो माणूस स्वतःच्या दोन्ही पायांनी घरी गेला आणि त्या उन्हाळ्यात पुन्हा भाड्याची गाडी हाकू लागला. सव्वा वर्षाने, एप्रिल १७८७ मध्ये, तो निराळ्याच तापाने वारला. हंटर यांनी बरीच खटपट आणि पुष्कळ खर्च करून तो पाय तपासणीसाठी मिळविला. फुगा आक्रसला होता, आत घट्ट गुठळी होती, आणि पायाला रक्त आडवाटांनी पोचत होते. त्यांनी ही शस्त्रक्रिया एकूण पाच रुग्णांवर केली. चौथा रुग्ण त्यानंतर ५० वर्षे जगला. नंतरच्या रुग्णांत चार बंधांऐवजी त्यांनी एकच बंध ठेवला, कारण चारांनी जखम चिघळते हे पहिल्या रुग्णाने त्यांना शिकविले होते. रोहिणी फुग्याच्या वर बांधण्याचा विचार फ्रेंच शस्त्रवैद्य अनेल यांनी १७१० सालीच हाताच्या विकारात अमलात आणला होता, हे खरे. पण त्यांनी बंध फुग्यालगतच घातला होता. निरोगी जागा शोधून, कारण देऊन, आणि मृत्यूनंतर स्वतःचेच काम तपासून पाहण्याचा मान हंटर यांचा. मांडीतील त्या मार्गाला शरीरशास्त्रात आजही हंटर यांचे नाव आहे.

बेल-ईलचे शेतघर आणि हा गाडीवान यांच्यात चोवीस वर्षांचे अंतर आहे. विचार मात्र एकच आहे. जखमेभोवतीची सूज, लाली, ठणका हा रोग नसून इजेला शरीराने दिलेले उत्तर आहे, हे त्यांनी रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात मांडले. तीस वर्षे मनात घोळविलेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ साली छापून निघाला.

१७९० साली ते इंग्रजी सैन्याचे सर्जन-जनरल झाले आणि बढती वशिल्याने न देता सेवा पाहून द्यावी असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या पत्नीचे बंधू, चित्रकार रॉबर्ट होम, १७९१ मध्ये मद्रासला आले आणि टिपूवरील कॉर्नवॉलिसच्या मोहिमेची चित्रे त्यांनी काढली. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्यही इंग्रजांच्या बाजूने होते. याच युद्धात टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ देशी शस्त्रवैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. लंडनच्या मासिकात तो वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला, तेव्हा हंटर जाऊन एक वर्ष झाले होते. त्यांनी तो किती आवडीने वाचला असता!

त्यांचा स्वभाव तापट होता. गर्भाची वार आणि मातेचे रक्त यांविषयीच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून १७८० मध्ये त्यांचे बंधूंशी बिनसले ते विल्यम यांच्या अंतकाळीच काय ते थोडे निवळले. संग्रहाच्या हव्यासापायी त्यांनी केलेले एक कृत्य मात्र असमर्थनीय आहे. चार्ल्स बर्न हा आयर्लंडचा अतिउंच तरुण १७८३ साली वारला. आपला देह शस्त्रवैद्यांच्या हाती लागू नये म्हणून तो समुद्रात सोडावा, अशी त्याची अंतिम इच्छा होती. हंटर यांनी पैसे चारून तो देह मिळविला आणि त्याचा सांगाडा संग्रहात ठेवला. रेनल्ड्स यांनी काढलेल्या हंटर यांच्या चित्रात, वरच्या कोपऱ्यात, त्या सांगाड्याची पावले दिसतात. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो सांगाडा यापुढे प्रदर्शनात मांडणार नसल्याचे जाहीर केले. दोनशे चाळीस वर्षांनी का होईना, बर्नच्या इच्छेची एवढी तरी दखल घेतली गेली.

हंटर यांना १७७३ पासून हृदयशूल होता. रागाचा एखादा झटका आपला घात करील, हे ते ओळखून होते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेसच्या व्यवस्थापकांच्या सभेत दोन स्कॉटिश विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची बाजू ते मांडीत असता एका सदस्याने त्यांच्या म्हणण्यास विरोध केला. संताप आवरीत ते शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळून गतप्राण झाले. वय ६५.

त्यांच्या इच्छेनुसार शवविच्छेदन झाले. ते मेहुणे व शिष्य एव्हरार्ड होम यांनी लिहून ठेवले आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या हाडासारख्या कठीण झाल्या होत्या. शिवाय हृदयातून निघताच महारोहिणी नेहमीपेक्षा रुंद झाली होती. रोहिणीविस्फाराचा तो आरंभ होता. पायातील विस्फारावर ज्यांनी उपाय शोधला, त्यांच्याच छातीत तो विकार सर्वांत मोठ्या वाहिनीत वाढत होता, आणि तेथे बंध बांधण्यासारखी जागाच नव्हती. महारोहिणीला आडवाट कशी मिळणार? उपदंश हे त्या काळी महारोहिणीच्या विस्फाराचे एक मोठे कारण होते. हंटर यांच्या बाबतीत तसे होते की नाही, यावर एकमत नाही.

शिष्याने तेही करून पाहिले. अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१७ साली एका मरणोन्मुख हमालाची महारोहिणी पोटात बांधली. तो सुमारे ४० तास जगला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी मार्च १९५१ मध्ये पोटातील महारोहिणीचा फुगलेला भाग कापून तेथे मृत दात्याची रोहिणी जोडली. पुढे अमेरिकेत मायकेल डीबेकी यांनी कृत्रिम धाग्यांच्या नळ्या वापरात आणल्या. स्वतः डीबेकी यांची महारोहिणी वयाच्या ९७व्या वर्षी चिरली, तेव्हा २००६ साली त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांच्याच पद्धतीने शस्त्रक्रिया करून त्यांना वाचविले. त्यानंतर ते दोन वर्षे जगले.

हंटर यांच्या मागे कर्ज उरले. लंडनमधील घर, प्राणी आणि सुमारे १४,००० नमुन्यांचा संग्रह यांत सारी मिळकत गेली होती. विल्यम क्लिफ्ट हा त्यांच्या हाताखालचा अठरा वर्षांचा मुलगा आठवड्याला सात शिलिंगांवर तो संग्रह सांभाळीत राहिला. सरकारने १७९९ साली १५,००० पौंडांस तो विकत घेऊन शस्त्रवैद्यांच्या मंडळाकडे सोपविला. हस्तलिखिते मात्र वाचली नाहीत. एव्हरार्ड होम यांनी ती आपल्या घरी नेली, त्यांतील बरेचसे स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केले आणि १८२३ साली ती जाळून टाकली. क्लिफ्टने आधी गुपचूप उतरून ठेवलेली पाने तेवढी शिल्लक राहिली. संग्रहाचा मोठा भागही मे १९४१ मधील जर्मन बॉम्बवर्षावात नष्ट झाला. सुमारे ३,५०० नमुने उरले आहेत.

त्यांचा देह सेंट मार्टिन चर्चच्या तळघरात पडून होता. १८५९ साली ते तळघर रिकामे करण्याचे ठरले, तेव्हा फ्रँक बकलंड या निसर्गवेत्त्याने दुर्गंधीत कित्येक दिवस काढून, हजारो शवपेट्या तपासून ती पेटी शोधली. त्या वर्षी २८ मार्च रोजी हंटर यांचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये नेऊन पुरण्यात आले.